वलंदेज : अर्थ दुसरा

आमच्या कोशाच्या सहाव्या खंडात, दोनशे एक्केचाळीसाव्या पानावर, डावीकडच्या रकान्यात वलंदेज हा शब्द आहे. त्याला दोन अर्थ दिलेले आहेत. पहिला असा : हॉलंड देशाचा रहिवासी; डच. हा खरा आहे आणि त्याला जुन्या पत्रांचे चांगले पुरावे आहेत. दुसरा असा : लाक्षणिक; घाऱ्या डोळ्यांचा, कामात मंद व स्वतःस शहाणा समजणारा मनुष्य. पुढे उदाहरण दिलंय : ‘असल्या वलंदेजाच्या हाती काम दिले म्हणजे वर्ष लागायचे.’ हा अर्थ मी केला. उदाहरणही माझंच. त्याआधी हा अर्थ कुणाच्या तोंडी नव्हता आणि कुणाच्या डोक्यातही नव्हता.

ज्यांच्यावर तो बेतला ते खालच्या मजल्यावरच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. अर्थ छापून गेल्यावर मला दोन गोष्टी करायच्या होत्या. तो अर्थ पुस्तकातून काढायचा, आणि तुझे वडील तसे नाहीत, ते माझं कारस्थान होतं, असं त्यांच्या मुलीला सांगायचं. त्यातलं एक काम करायला मी एकोणीस वर्षं लावली, आणि दुसरं झालंच नाही. आमच्या दोघांत मंद कोण, हे आता तुम्हीच ठरवा.

इमारत दोन मजली होती. वर कोश, खाली छापखाना, आणि मधे सतरा पायऱ्या. वर आम्ही पाच सहायक संपादक, प्रत्येकाच्या टेबलावर चपलांच्या खोक्यांसारखी लांबट खोकी आणि त्यांत चिठ्ठ्या. एका अर्थाला एक चिठ्ठी. चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात तो अर्थ कुठे सापडला ते लिहायचं, कुठलं पत्र, कुठलं पुस्तक, कितवं पान. पुरावा नसेल तर अर्थ घ्यायचा नाही, हा मुख्य संपादकांचा दंडक. त्यांना आम्ही थोरले म्हणत असू. पळवाट एकच होती. शब्द कागदावर न सापडता लोकांच्या तोंडी ऐकलेला असेल तर कोपऱ्यात नुसतं ‘बोली’ लिहिलं तरी चालत असे. थोरल्यांचा आमच्या कानांवर विश्वास होता.

खाली सात जुळारी होते आणि त्यांत हे सगळ्यांत उंच. केस तांबूस, नाकावर आणि गालांवर बारीक ठिपके, डोळे घारे. पंधराव्या वर्षी छापखान्यात आले ते फरशी पुसायला. जुळाऱ्यांच्या मागे उभं राहून, कुठला खिळा पेटीतल्या कुठल्या घरात राहतो हे त्यांनी नुसतं बघून पाठ केलं, आणि कुणी आजारी पडलं तेव्हा न विचारता त्या जागी जाऊन उभे राहिले. तेव्हापासून ती जागा त्यांची. शिशाने बोटं कायमची करडी झालेली. डबा खाण्याआधी हात इतके घासायचे की बाकीच्यांचं जेवण उरकायचं, मग हे पहिला घास घ्यायचे. उलट्या अक्षरांची ओळ ते आपण सुलटी वाचतो तशी वाचत, आणि वाचताना त्यांचे ओठ हलत. बायको लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी होती, तिला त्यांनीच वाढवलं, तिच्या वेण्याही तेच घालायचे. या वेण्या जुळवल्यासारख्या दिसतात असं खाली सगळे म्हणायचे आणि ते खरंच होतं.

माझ्यापेक्षा ते बारा वर्षांनी मोठे. तोंडावर मी अहो-जाहो करत असलो तरी मनातल्या मनात अरे-तुरेच चालायचं. आता लिहिताना ‘ते’ लिहितोय. उशिरा का होईना, तेवढी तरी दुरुस्ती.

वलंदेज हे नावही मीच त्यांना दिलं, पण ते देताना मनात काही काळंबेरं नव्हतं. मी कोशात नवा होतो आणि जुन्या पत्रांतून शब्द वेचत होतो. सकाळीच हा शब्द सापडला होता आणि तो कुणाला तरी दाखवायची मला घाई झाली होती. काही कामाने खाली गेलो तर हे खिडकीपाशी उभे, तांबूस केसांवर ऊन पडलेलं. मी म्हणालो, हे बघा आमचे वलंदेज. सगळे हसले. संध्याकाळपर्यंत नाव चिकटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सतरा पायऱ्या चढून वर आले. मला वाटलं भांडायला आले. ते दारातच उभं राहून म्हणाले, “म्हणजे कोण हो?”

मी सांगितलं. डच लोक. फार पूर्वी जहाजं घेऊन व्यापाराला आले होते.

“बरी माणसं होती का?”

मी म्हणालो, व्यापारी होती.

त्यांनी जरा विचार केला. “मग शब्दाची पक्की असतील. चालेल,” म्हणाले आणि खाली गेले.

मग ते नाव त्यांनी अंगावर नव्या सदऱ्यासारखं घातलं. मुलीला कुणी विचारलं की ती सांगायची, मी वलंदेजांची. आणि छापखान्यात एक गंमतच झाली. त्यांच्या जुळणीत चूक सापडायची नाही. म्हणून ज्या मुद्रितात, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या छापात, एकही चूक नसेल त्याला हळूहळू सगळे वलंदेजी मुद्रित म्हणायला लागले. जुळणी दुसऱ्या कुणाची असली तरी. ‘आज तुझं वलंदेजी आलंय, पेढे दे.’ खरं म्हणजे बोलीतला दुसरा अर्थ हा होता. रोज माझ्या कानांवर पडत होता, आणि त्याची चिठ्ठी मी केली नाही.

मुलगी कॉलेजात जायला लागली तशी संध्याकाळी वर यायची. तिला निबंधांसाठी पुस्तकं लागत. मी द्यायचो, काय वाच, काय सोड ते सांगायचो. ती मला काका म्हणायची. तिला कोशाचं भारी वेड. एखादा शब्द तोंडात आला की खोक्याशी जाऊन चिठ्ठी शोधून बघायची आणि मान डोलवायची, जणू त्या शब्दाचं घर सापडलं. खाली तिचे वडील मान वर करून जिन्याकडे बघत असायचे. आपली मुलगी वर बसते याचा त्यांना अभिमान होता. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, पण तिची यायची वेळ झाली की डोक्याला बांधलेला रुमाल सोडून घडी करून खिशात ठेवायचे.

तर आता एका वटवाघळाकडे येतो. सहावा खंड छपाईला गेला होता. वटवाघूळ या शब्दाच्या चिठ्ठीवर मी लिहून ठेवलं होतं, ‘एक निशाचर पक्षी’. शाळेतल्या पोरालाही हसू येईल अशी चूक. पण लिहिताना डोळा लागला असावा, किंवा डोकं. मुद्रित आलं त्यात छापलं होतं, ‘एक निशाचर प्राणी’. जुळणी वलंदेजांची होती, आणि त्यांनी शब्द आपल्या मनाने बदलला होता.

मी मुद्रित घेऊन तरातरा खाली गेलो. आपली चूक झालीय हे मला पायऱ्या उतरतानाच समजलं होतं. म्हणूनच आवाज जास्त चढला असणार. सातही जुळारी, यंत्रावरची माणसं, सगळ्यांसमोर मी त्यांना म्हणालो, “तुमचं काम जुळवायचं आहे, वाचायचं नाही. आमच्या प्रतीत, चिठ्ठीवर असेल तेच जुळवायचं. बैल लिहिलं तर बैल, गाढव लिहिलं तर गाढव.”

ते हातातली जुळणीची स्टिक खाली न ठेवता ऐकून घेत होते. “बरं,” एवढंच म्हणाले.

तेवढ्यावर मिटलं असतं. पण थोरले जिन्यात उभे होते. त्यांनी मुद्रित मागून घेतलं, चष्मा वर करून वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले की जुळाऱ्याने आज कोशाची अब्रू वाचवली, आणि संपादकांनी संध्याकाळी बाहेर जाऊन झाडाला काय लटकलंय ते बघून यावं. खाली खसखस पिकली. हे मात्र हसले नाहीत. मला तेच जास्त लागलं. आठवडाभर वरचे लोक मला बघून हात पंखासारखे हलवायचे.

त्याच आठवड्यात वलंदेजची चिठ्ठी खाली जायची होती, आणि ‘व’ची जुळणी त्यांच्याकडेच होती. मी तिच्यामागे दुसरी चिठ्ठी केली. घारे डोळे, मंद काम, स्वतःला शहाणा समजणारा. कोपऱ्यात लिहिलं ‘बोली’. बेत असा की ते वाचतील, चिडून वर येतील किंवा हसून वर येतील, चार लोकांत मजा होईल आणि मी चिठ्ठी फाडून टाकेन. गंमत होती. गेली एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

ते वर आले नाहीत. मुद्रित आलं. दोनशे एक्केचाळीसावं पान मी उलगडलं, आणि दुसरा अर्थ तिथे होता. कानामात्रेची चूक नाही, अर्धविरामसुद्धा जागच्या जागी. उदाहरणासकट. वलंदेजी मुद्रित.

त्या माणसाने स्वतःच्याच नावाची शिवी एकेक खिळा उचलून, ओठ हलवत, जुळवली होती. मी सांगितलं होतं तसं.

लाल शाईची लेखणी माझ्या हातात होती. एक आडवी रेघ मारली असती तर काम संपलं असतं. पण मला वाटलं, हा काही बोलत नाही, मग मीच का माघार घ्यायची. दुसऱ्या मुद्रितात काढू, तोवर आणखी एकदा बघू दे त्याला. असं म्हणून मी ते पान तसंच सोडलं. आणि मग बहिणीचं घर हलवायचं होतं म्हणून चार दिवस रजेवर गेलो. त्या चार दिवसांत दुसरं मुद्रित आलं ते थोरल्यांकडे गेलं. त्यांची नजर तेव्हा अधू झाली होती. ठळक अक्षरांतले शब्द क्रमाने आहेत ना एवढं बघून ते सही करत, बाकीचा भार आमच्यावर. त्यांनी सही केली.

मी परत आलो तेव्हा फर्मा, म्हणजे ते पान असलेला मोठा ताव, छापून झाला होता. ओल्या शाईच्या वासाचे ताव भिंतीशी थप्पी लावून ठेवले होते. हे त्या पानाचे खिळे सुटे करून आपापल्या घरांत टाकत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी वळून बघितलं, मान हलवली, परत खिळे टाकायला लागले. त्या दिवशी मी वर जाऊन थोरल्यांना खरं सांगितलं असतं तर तेवढे ताव रद्द करून नवे छापता आले असते. माझी नोकरी गेली असती कदाचित. थोरल्यांच्या मनातून तर नक्कीच उतरलो असतो. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, मग परवा, मग ताव बांधणीला गेले.

खंड पुरा झाल्यावर प्रत्येक कामगाराला एक प्रत मिळाली. त्यांनी ती घरी नेली. महिन्याभराने एका संध्याकाळी मुलगी वर आली, खंड छातीशी धरलेला. ते पान उघडून तिने माझ्यापुढे ठेवलं.

“काका, हे खरं आहे का? बाबांना विचारलं तर म्हणाले, मला काय कळतं, वर विचार.”

माझ्या टेबलाशेजारी आणखी चार टेबलं होती. चौघांच्या लेखण्या थांबल्या होत्या. मी त्या पोरीच्या तोंडाकडे बघितलं नाही, पानाकडे बघितलं. आणि म्हणालो, “कोशात आहे म्हणजे लोकांत तसा वापर असणार. आम्ही मनाने काही घालत नाही.”

तिने खंड मिटला. रडली वगैरे नाही. मान डोलवली, चिठ्ठी सापडल्यावर डोलवायची तशी. शब्दाचं घर सापडलं होतं. त्यानंतर ती कधी वर आली नाही.

तिने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच तिची चूक. लोक आपल्या वडिलांना इतकी वर्षं या अर्थाने हाक मारत होते आणि ते बिचारे हसत होते, असं तिने धरलं. मी वलंदेजांची, असं ती मग म्हणाली नाही. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं. लग्नाला छापखान्यातलं कुणी नव्हतं. कुणी तिथे ते नाव घेऊन हाक मारली तर, या भीतीने तिनेच नको म्हटलं होतं. हे मला नंतर एका जुळाऱ्याकडून कळलं. हेही कळलं की तिच्या वडिलांनी त्याबद्दल हूं की चूं केलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले.

आणि तो अर्थ पाय फुटल्यासारखा चालायला लागला. दुसऱ्या एका प्रकाशकाने विद्यार्थ्यांसाठी छोटा कोश काढला, त्यात माझं उदाहरण जसंच्या तसं उचललेलं. एका सदरलेखकाने रस्त्याच्या कामाला वलंदेजी कारभार म्हटलं. एकदा मी टपाल कार्यालयात रांगेत उभा होतो, तर मागचा माणूस म्हणाला, आज खिडकीवर वलंदेज बसलाय वाटतं, हलतच नाही रांग. खिडकीवरच्या माणसाचे डोळे काळेभोर होते. म्हणजे घारेपणाही गळून पडला होता आणि नुसता मंदपणा उरला होता. चाळीस वर्षं मी शब्दांत घालवली, पण लोकांनी उचलावा असा अर्थ एवढा एकच घडवला. कुठलं तोंड घेऊन मागे वळून बघणार? मी रांग सोडून घरी आलो.

खिळ्यांचे दिवस संपले. शिसं वितळवून विकलं गेलं, खाली संगणक आले, आणि हे निवृत्त झाले. निरोपाला थोरले नव्हते, ते आधीच गेले होते. त्यांच्या खुर्चीवर मी. भाषणात मी त्यांच्या अचूकपणाची तारीफ केली. त्यांनी ती खाली मान घालून ऐकली, एखादी लांबलचक प्रत ऐकावी तशी.

मग कोशाची पुरवणी निघायची ठरली. नवे शब्द आणि जुन्या खंडांतल्या दुरुस्त्या. आता माझ्यावर कुणी नव्हतं, अडवणारं कुणी नव्हतं आणि माझीही निवृत्ती तोंडावर आली होती. मी दोन चिठ्ठ्या केल्या. एक : ‘वलंदेज, अर्थ २ रद्द समजावा.’ दुसरी : ‘वलंदेजी, छापखान्यात, ज्यात एकही चूक नाही असे (मुद्रित).’ कोपऱ्यात ‘बोली’. या वेळी तो शेरा खरा होता. दोन्ही खिशात घालून मी त्यांच्या घरी गेलो.

दोन खोल्या, तळमजला, दाराशी कुंडी. ते खिडकीजवळ बसून सदऱ्याला बटण लावत होते. केस पांढरे झाले होते, पण डोळे तेच. सुईत दोरा ओवायला त्यांनी भिंग टेकून ठेवलं होतं. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. इकडचं तिकडचं बोलायचा प्रयत्न केला, पण जमेना. शेवटी चिठ्ठ्या काढून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी भिंग घेतलं आणि ओठ हलवत दोन्ही वाचल्या. दुसरी वाचताना जरा हसल्यासारखं वाटलं.

“ही घ्या,” दुसरीवर बोट ठेवून म्हणाले. “पहिली घेऊ नका.”

मी विचारलं, का.

“लोक बोलतात आता तसं. परवा दवाखान्यात एक जण कंपाउंडरला म्हणाला. वापरात असेल ते ठेवायचं, हा तुमचाच नियम ना? एक खोटं काढायला दुसरं घालू नका.”

कोशकार म्हणून ते बरोबर होते आणि मी चूक, परत एकदा. जी रेघ एका दिवशी मारता आली असती ती आता मारता येत नव्हती.

ते उठले. कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला, त्यात पावत्या, बायकोचा एक फोटो आणि तळाशी एक चिठ्ठी. माझं अक्षर. घारे डोळे, मंद काम. कोपऱ्यात ‘बोली’. जुळणी झाली की प्रत वर परत पाठवायची असते. ही त्यांनी पाठवली नव्हती, आणि मलाही ती कुठे गेली ते विचारायचं धाडस झालं नव्हतं.

“उद्या कुणी म्हणालं असतं की जुळाऱ्याने मनाने घातलं, तर दाखवायला असावी म्हणून ठेवली,” ते म्हणाले. “आधी एकदा तसं झालं होतं.”

मग मुलीला का नाही दाखवली, असं मी विचारलं. त्यांना तो प्रश्न अजबच वाटला.

“ती पुस्तकांवर मोठी झाली. पुस्तकात खोटं छापलंय हे मी कुठल्या तोंडाने सांगू? छापलं तर मीच.”

तेवढ्यात ती आली. शाळा सुटल्यावर रोज इथे येऊन, औषधं देऊन मग घरी जायची. खांद्याला पिशवी, केसांत एखादी पांढरी बट. मला ओळखून नमस्कार केला, काका म्हणाली, पण तिचं लक्ष वडिलांच्या हाताकडे होतं. पिशवी ठेवायच्या आधीच तिने सदरा उचलला.

“द्या इकडे,” ती म्हणाली. “तुमच्या हाती दिलं म्हणजे वर्ष लागायचं.”

रागाने नाही म्हणाली. रोजच्यासारखं, मायेनेच म्हणाली. माझं वाक्य होतं ते. तिला ते आठवतही नसेल, आणि तरी एकोणीस वर्षं ते या घरात राहत होतं, जेवणाच्या ताटाशी, औषधांच्या वेळी, बटणं लावताना. त्यांनी निमूट हात मागे घेतला. ज्या हाताने आयुष्यभर एक कानामात्रा चुकवली नाही तो हात.

मी सांगितलं. उभ्यानेच, एका दमात सांगितलं. वटवाघूळ, थोरल्यांचे शब्द, चिठ्ठी, चार दिवसांची रजा, भिंतीशी लावलेली थप्पी. तिला मी काय उत्तर दिलं होतं तेही तिला सांगितलं. जुनी चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली. माझं अक्षर ती ओळखत होती. तिच्या कितीतरी निबंधांच्या समासात ते होतं.

मग तिने वडिलांकडे बघितलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“प्रतीत होतं ते जुळवलं,” ते म्हणाले.

चिठ्ठी तिने वडिलांच्या पुढ्यात ठेवली. मग फळीवरून सहावा खंड काढला, पान उघडलं, बोट न अडखळता थेट त्या ओळीवर गेलं. पिशवीतलं पेन माझ्यापुढे धरलं.

“लिहा इथे. समासात. कुणी केला, कुणावर केला, का केला. सही करा.”

मी लिहायला बसलो. ‘अर्थ २ला कोणताही पुरावा नव्हता. या कोशाचा सहायक संपादक असताना तो मी एका निर्दोष जुळाऱ्याला उद्देशून गमतीने केला.’ खाली सही, तारीख. वाचून बघितलं. नीट वाटलं. खंड तिला दिला, तिने तो वडिलांपुढे ठेवला.

त्यांनी भिंग घेतलं. समासातला मजकूर त्यांनी एकेक अक्षर वाचला, ओठ हलवत. एका जागी भिंग थांबलं. करडं बोट त्या शब्दाखाली येऊन टेकलं. शिशाचा तो रंग इतक्या वर्षांनीही गेला नव्हता.

“इथे चूक आहे,” ते म्हणाले.

वटवाघळानंतर त्यांनी माझ्या एकाही शब्दाला हात लावला नव्हता. मी बोटाखाली बघितलं. बघायची तशी गरज नव्हती. बोट ‘गमतीने’ या शब्दाखाली होतं.

मी पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘आकसाने’. अक्षर शाळकरी मुलासारखं आलं. त्यांनी परत भिंग टेकलं, ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

“आता बरोबर आहे,” म्हणाले आणि खंड मिटला.

मुलीने सदरा उचलला. सुईत दोरा तसाच लोंबत होता. तो तिने त्यांच्या हातात परत दिला आणि समोर खाली बसली. ते बटण लावायला लागले. भोकातून सुई वर काढायची, दोरा ओढून बघायचा, मग पुढचा टाका. बराच वेळ लागला. ती बघत होती. मला कुणी जा म्हणालं नाही, आणि बसा असंही नाही.